पराक्रम कोणता सांगावा?



निबंध शिकवण्यात माझी २७ वर्षे गेली. 'पावसाळ्यातील एक दिवस' पासून 'लोकशाहीत विरोधी पक्षाचे स्थान' पर्यंत नाना विषयांवरचे निबंध तपासता तपासता तांबड्या शाईच्या कित्येक दौती मी रिकाम्या केल्या. त्यामुळे निबंधाच्या बाबतीत आपल्याला आता कोणी काही शिकवण्यासारखे उरले नाही, असा माझा समज झाला होता. तो समज माझ्या भाचीने दूर केला. मात्र त्याची किंमत मला नाही, तिला मोजावी लागली. तिचे एक वर्ष गेले. ते कसे गेले आणि त्यातून मी काय शिकलो, हे तुमच्यापुढे ठेवावे म्हणून हा लेख.

माझी धाकटी बहीण लग्नानंतर अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात स्थायिक झाली. तिची मुलगी तिथेच वाढली. मराठी बोलते, वाचतेही. लिहिताना मात्र अडखळते. तिला डॉक्टर व्हायचे होते. २०२३ च्या एप्रिलमध्ये तिचा फोन आला. "मामा, तू निबंध शिकवतोस ना? मग मला एक सांग. माझ्या हातून झालेल्या गोष्टींपैकी कोणती मोठी करून लिहू?"

तिथली रीत

आपल्याकडे वैद्यकीय प्रवेश म्हणजे 'नीट' ची परीक्षा. ७२० पैकी गुण किती आणि गुणवत्ता यादीत क्रमांक कितवा, एवढ्यावर एम.बी.बी.एस.चे दार उघडते किंवा बंद होते. तुम्ही कोण आहात, हे तिथे कोणी विचारत नाही. अमेरिकेत तसे नाही. तिथे आधी चार वर्षांची पदवी घ्यायची आणि मग चार वर्षांचे वैद्यकीय शिक्षण. आपल्यासारख्या कला शाखेच्या लोकांनी ऐकून ठेवावे अशी गोष्ट म्हणजे ती पहिली पदवी इतिहासाची असली तरी चालते, संगीताची असली तरी चालते. जीवशास्त्र, रसायन, भौतिक इत्यादी ठराविक विषय तेवढे सोबत केलेले असावे लागतात.

त्यानंतर 'एमकॅट' नावाची परीक्षा. तिचे गुण ४७२ पासून ५२८ पर्यंत. आणि मग अर्ज. बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयांसाठी तो 'ॲमकॅस' नावाच्या एका सामाईक व्यवस्थेतून जातो. या अर्जात गुणांबरोबर लेखनही मागतात. 'मला डॉक्टर का व्हायचे आहे' अशा अर्थाचे एक वैयक्तिक निवेदन, कमाल ५३०० अक्षरांचे. त्यात शब्दांमधल्या मोकळ्या जागाही मोजल्या जातात. शिवाय विद्यार्थ्याने केलेल्या कामांची यादी, जास्तीत जास्त १५. प्रत्येक कामासाठी ७०० अक्षरे, त्यावर किती तास घालवले त्याचा हिशेब आणि त्याची खातरजमा कोणाकडे करता येईल त्याचे नाव. या पंधरांतली फार तर तीन 'सर्वांत अर्थपूर्ण' म्हणून निवडता येतात आणि त्या प्रत्येकासाठी आणखी १३२५ अक्षरे मिळतात. पुढे एकेक महाविद्यालय आपापले वेगळे प्रश्न पाठवते. 'ज्याचा तुम्हाला विशेष अभिमान वाटतो असे तुमचे एखादे कर्तृत्व सांगा,' हा त्यांतला नेहमीचा प्रश्न.

इतके सगळे कशासाठी? कारण अलीकडच्या वर्षांत तिथे दरवर्षी पन्नास हजारांहून अधिक मुले अर्ज करतात आणि साधारण तेवीस हजारांना प्रवेश मिळतो. गुण चांगले असलेली मुले खंडीभर असतात. त्यांतून रुग्णाच्या उशाशी कोणाला उभे करायचे, हे गुणांवरून ठरत नाही. म्हणून निबंध, आणि निबंधानंतर मुलाखत.

माझा सल्ला

मी भाचीला तिच्या कामांची यादी सांगायला लावली. सोळाव्या वर्षी भरतनाट्यमचे अरंगेत्रम. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत दोन उन्हाळे संशोधन आणि छापून आलेल्या एका शोधनिबंधात सहलेखक म्हणून नाव. गणिताच्या शिकवण्या. वाणसामानाच्या दुकानात गल्ल्यावर नोकरी. आणि दोन वर्षे दर शनिवारी एका रुग्णालयात स्वयंसेवक.

"रुग्णालयात काय करतेस?" मी विचारले.

"काही नाही रे. पाण्याचे जग भरायचे, पांघरुणे द्यायची, चाकाच्या खुर्चीतून माणसांना दारापर्यंत सोडायचे."

हे उत्तर ऐकून मी क्षणभरही थांबलो नाही. शोधनिबंध! छापील नाव! आपल्या प्राध्यापक मंडळींना छापील नावाचे केवढे अप्रूप असते, ते तुम्ही जाणताच. मी म्हटले, "मोठे ते आधी. संशोधनावरच लिही." तिने तसेच केले. निवेदनात संशोधन, सर्वांत अर्थपूर्ण कामातही संशोधन, पुढच्या प्रश्नांच्या उत्तरांतही तेच. मी ते वाचले. इंग्रजी निर्दोष होते. प्रथिनांची माहिती भरपूर होती. मी मनातल्या मनात दहापैकी आठ गुण दिले.

२०२४ च्या वसंतापर्यंत निकाल लागला. वीस महाविद्यालयांकडे अर्ज. मुलाखतीचे बोलावणे एक. प्रवेश कुठेच नाही. फीचे पैसे गेले त्याचे कोणाला काही वाटले नाही. पण बहीण त्या दिवशी फोनवर नुसती "बरं" म्हणाली आणि तिने फोन भाचीच्या वडिलांकडे दिला. तो "बरं" मला अजून ऐकू येतो.

चूक कुठे झाली

भाचीच्या महाविद्यालयात अशा विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी ते निवेदन वाचून एकच प्रश्न विचारला: "छान आहे, पण यात तू कुठे आहेस?"

भाचीने मला तो प्रश्न सांगितला तेव्हा आधी मला राग आला. मग मी माझी जुनी तांबडी शाई काढली आणि निवेदनाच्या छापील प्रतीवर 'मी' हा कर्ता असलेली क्रियापदे अधोरेखित करू लागलो. प्रयोगशाळेने शोधले, गटाने सिद्ध केले, असे आढळून आले, असे दिसून आले. पहिल्या पानावर 'मी' ची क्रियापदे निघाली तीन: मी सामील झाले, मला संधी मिळाली, मी खूप शिकले. यांतले मधले तर तिच्या हातचे नव्हेच.

व्याकरण शिकवण्यात जन्म गेला आणि जो दोष मी पहिल्या वर्षाच्या मुलाच्या वहीत पाहिला असता, तो मला इथे दिसला नव्हता. कारण छापील नावाने माझे डोळे दिपले होते. कर्तृत्व या शब्दातच 'कर्ता' आहे. कर्ता नसलेले कर्तृत्व कितीही मोठे असले तरी ते दुसऱ्याचे. तो शोधनिबंध खरा होता, तिचे कष्टही खरे होते. पण विचार तिच्या मार्गदर्शकांचा होता. आणि नाव तर यादीत आधीच नोंदलेले होते. तेच पुन्हा निवेदनात सांगून आम्ही मोलाची जागा वाया घालवली होती.

पाण्याचा जग

मग आम्ही पुन्हा बसलो, म्हणजे ती तिकडे आणि मी इकडे, फोन कानाला लावून. या वेळी मी 'मोठे काय केलेस' असे विचारले नाही. विचारले, "या सगळ्यांतली कोणती गोष्ट तू नसतीस तर झालीच नसती?"

बराच वेळ तिला काही सुचेना. मग म्हणाली, "तसे छोटे आहे. सांगण्यासारखे नाही."

झाले होते ते असे. एका शनिवारी एका वृद्ध बाईंच्या खोलीत ती पाणी ठेवायला गेली. परिचारिका बाईंना औषधांविषयी काही समजावून देत होती आणि बाई मान डोलावत होत्या. परिचारिका गेल्यावर भाचीने त्यांना पाणी हवे का म्हणून विचारले. त्यांनी तशीच मान डोलावली. थंडी वाजते का? तीच मान. दुखते आहे का? पुन्हा तीच. बाईंना इंग्रजी अजिबात येत नव्हते. त्यांची भाषा कोणती, हे भाचीने मलाही सांगितले नाही. रुग्णाची ओळख पटेल असे काही बाहेर सांगायचे नाही, हा दंडक ती पाळते आणि तिच्या निबंधातही तो पाळला आहे.

सरकारी निधी घेणाऱ्या रुग्णालयांनी इंग्रजी न समजणाऱ्या रुग्णाला विनामूल्य दुभाषा द्यावा, असा तिथे कायदा आहे. दुभाषा फोनवरून किंवा पडद्यावरूनही मिळतो. सोय होती, पण ती मागायला हवी हे कोणाच्या ध्यानात आले नव्हते, कारण मान डोलत होती. भाचीने बाहेर जाऊन परिचारिकेला सांगितले. दुभाषा आला. स्वतः दुभाषीपणा करण्याचा प्रश्नच नव्हता; ते प्रशिक्षित माणसाचे काम.

गोष्ट इथे संपली असती तर ती एका दिवसाची भलाई झाली असती. पण पुढे ती दर शनिवारी डोलणाऱ्या माना पाहू लागली. स्वयंसेवकांची व्यवस्था पाहणाऱ्या अधिकाऱ्यांना तिने सुचवले की, पाणी देणाऱ्याने एक साधा प्रश्न असा विचारावा ज्याचे उत्तर नुसत्या मानेने देता येणार नाही. उत्तर आले नाही तर परिचारिकेला कळवावे. त्यांनी नकार दिला: स्वयंसेवकांनी आपले काम सोडून इतरत्र लक्ष घालू नये. ती दोन परिचारिकांशी बोलली, त्यांचे म्हणणे ऐकून सूचना आटोपशीर केली आणि पुन्हा गेली. सात महिन्यांनी नव्या स्वयंसेवकांना देण्याच्या सूचनापत्रात एका ओळीची भर पडली. एवढेच. त्याचे प्रमाणपत्र नाही, समारंभ नाही, छापील नाव नाही.

मी विचारले, "पण पोरी, त्या मानेकडे तुझेच लक्ष कसे गेले?"

फोनवर शांतता पसरली. मग ती म्हणाली, "मामा, आजी."

२०१९ साली माझी आई सांगलीहून मुलीकडे गेली होती. तिथल्या एका डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी बदलून दिली. आईने "यस, यस" म्हणत मान डोलावली. घरी येऊन जुनी आणि नवी अशा दोन्ही गोळ्या घेत राहिली आणि चौथ्या दिवशी न्हाणीघरात चक्कर येऊन पडली. हाड मोडले नाही, पण कपाळावरची खोक कायमची राहिली. त्या दिवशी डॉक्टरांकडे आईला घेऊन गेली होती ती सतरा वर्षांची भाची, आणि ती बाहेरच्या खोलीत बसून होती. आत गेले असते तर, हा विचार तिने चार वर्षे कोणाला सांगितला नव्हता.

ती खोक मी रोज पाहतो. आई माझ्याच घरी असते. आणि मी मुलीला सांगत होतो, प्रथिनांवर लिही!

पाच कसोट्या

यातून मला जे समजले ते शिक्षकी सवयीने क्रमवार मांडतो.

पहिली कसोटी क्रियापदाची. त्या प्रसंगात 'मी' ने काय केले, हे पाच स्वच्छ क्रियापदांत सांगता यावे. पाहिले, विचारले, कळवले, सुचवले, पुन्हा गेले. सांगता येत नसेल तर विषय बदलावा.

दुसरी गैरहजेरीची. मी तिथे नसतो तर काय राहून गेले असते? सगळे जसेच्या तसे झाले असते असे उत्तर आले, तर तो प्रसंग आपण पाहिलेला आहे, केलेला नाही.

तिसरी पुनरुक्तीची. गुण, पदके, प्रसिद्ध झालेले नाव अर्जात अन्यत्र आलेले असेल, तर लेखात ज्याला दुसरीकडे जागा नाही ते यावे.

चौथी उशाशी उभे राहण्याची. या प्रसंगातून दिसणारा गुण रुग्णाच्या कामी येईल का? ऐकून घेणे, आपली मर्यादा ओळखणे, नकारानंतर न रागावता परत जाणे, चूक कबूल करणे. हे गुण विशेषणांनी सांगायचे नसतात. 'मी सेवाभावी आहे' असे लिहिणाऱ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

पाचवी खरेपणाची. तास वाढवून लिहू नयेत, वाटा वाढवून सांगू नये. अर्ज खरा असल्याची ग्वाही सहीनिशी द्यावी लागते, आणि मुलाखतीत नेमके त्याच ओळीवर बोट ठेवले जाते. 'रुग्णालयाची पद्धत मी बदलली' असे भाचीने एका कच्च्या खर्ड्यात लिहिले होते. ते खोडून आम्ही केले, 'सूचनापत्रात एका ओळीची भर पडली.' वाक्य लहान झाले आणि माणूस मोठा झाला.

याचा अर्थ अरंगेत्रम किंवा संशोधन हे विषय वाईट, असा मुळीच नाही. प्रयोगातली आपली चूक स्वतः उघड करून महिनाभराचे काम टाकून देणारा विद्यार्थी संशोधनावरच लिहील, आणि उत्तम लिहील. विषयाचा आकार पाहायचा नाही. त्यात आपण किती दिसतो ते पाहायचे.

१८८३ चे एक पत्र

हे सगळे परदेशी आणि आजचे, असे कोणाला वाटेल. पण असा एक अर्ज एका मराठी मुलीने १४० वर्षांपूर्वी लिहिला आहे. आनंदीबाई जोशी जून १८८३ मध्ये अमेरिकेत उतरल्या आणि न्यू जर्सीतल्याच रोझेल या गावी कार्पेंटर कुटुंबात राहिल्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांनी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाला प्रवेशासाठी पत्र पाठवले. वय १८.

सांगण्यासारखे त्यांच्याकडे काय नव्हते? त्याच वर्षी फेब्रुवारीत श्रीरामपूरच्या महाविद्यालयात त्यांनी भर सभेत इंग्रजीतून भाषण केले होते. पण पत्राचा भार त्यांनी तिथे टाकला नाही. आपण प्रवेशाच्या सर्व अटींना उतरू की नाही हे सांगता येत नाही, असे त्यांनी आधी मोकळेपणाने मान्य केले. आणि भर दिला तो एका गोष्टीवर: आप्तस्वकीयांचा आणि जातीचा विरोध असताना ज्या निर्धाराने मी इथवर आले, तोच निर्धार मला हे शिक्षण पुरे करायला उपयोगी पडेल. हेतूही स्पष्ट सांगितला. माझ्या देशातल्या स्त्रिया पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात. त्यांच्यासाठी मला हे शिकायचे आहे.

पाचही कसोट्या लावून पाहा. निर्धाराचा दावा कोणीही करील. त्यांचा पुरावा असा की त्या समुद्र ओलांडून तिथे पोहोचलेल्या होत्या. महाविद्यालयाने त्यांना प्रवेश दिला आणि मार्च १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक झाली होती. पण २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांना काम करायला वेळ मिळाला नाही. अर्ज मात्र खरा होता.

आपल्यासाठी

भाचीने २०२४ च्या जूनमध्ये पुन्हा अर्ज केला. निवेदनाची सुरुवात पाण्याच्या जगाने होती, आणि मधोमध तिची आजी होती. तीन ठिकाणांहून मुलाखतीचे बोलावणे आले; एका ठिकाणी प्रवेश मिळाला आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये ती दाखल झाली. निबंधामुळेच हे घडले असे मी म्हणणार नाही. एमकॅटचे गुण या खेपेस वाढले होते आणि गाठीला वर्षभराचा जास्तीचा अनुभव होता. पण दोन मुलाखतींत तिला त्या एका ओळीविषयीच विचारले गेले, आणि तिला काहीही आठवावे लागले नाही.

तुमच्यापैकी बहुतेकांना डॉक्टर व्हायचे नाही. पण शिष्यवृत्तीचा अर्ज आहे, नोकरीची मुलाखत आहे, 'स्वतःविषयी सांगा' हा प्रश्न तर कुठेच चुकत नाही. तेव्हा तुम्ही वक्तृत्वाची ढाल सांगाल, युवक महोत्सवातले पारितोषिक सांगाल. जरूर सांगा. पण त्याआधी एका कोऱ्या कागदावर दहा गोष्टी लिहून काढा आणि त्यांत निदान तीन अशा असू द्या ज्यांचे प्रमाणपत्र मिळालेले नाही. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात सकाळी सर्वांच्या आधी उठून चूल कोणी पेटवली? वडिलांच्या आजारपणात सहा महिने दुकान कोणी चालवले? धाकट्या भावाची सुटलेली शाळा पुन्हा कोणी सुरू करून दिली? मग तांबडी शाई घेऊन आपली क्रियापदे मोजा.

भाचीचे ते निवेदन मी मराठी करून आईला वाचून दाखवले. ऐकताना ती मान डोलावत होती. वाचून झाल्यावर मी विचारले, "आई, काय कळलं ते सांग बघू."

आईने सगळे सांगितले.